सहाशे खिळे आणि एक तिल

१९९२ साली खाडीपुलावरून आगगाडी वाशीला आली आणि त्यानंतरच्या वर्षांत आमच्यासारखी अनेक कुटुंबे या नव्या नगरीत स्थिरावली. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, तर आम्ही सावंतवाडीकडचे. नेरूळच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभे राहण्यात आयुष्याचा बराच काळ गेला. तेथील पाटीवर देवनागरीत ‘नेरूळ’ लिहिले आहे, त्यात ळ आहे. त्याच पाटीवरच्या रोमन लेखनात मात्र शेवटी साधा ‘एल’ येतो. ठाण्याच्या वाटेवर कोपरखैरणे लागते. त्याच्या रोमन नावात ण नाही, साधा ‘एन’ आहे. परप्रांतातून आलेला पाहुणा म्हणून ‘नेरुल’ म्हणतो, ‘कोपरखैराने’ म्हणतो आणि त्याची चूकही काढता येत नाही, कारण पाटीने त्याला तेच सांगितलेले असते.

चारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यातील एखाद्या येशूसंघीय धर्मगुरूने ही पाटी रंगवली असती, तर त्याने ‘एल’ दोनदा लिहिला असता आणि ‘एन’ही दोनदा लिहिला असता. ळ, ण, ट, ड ही आपली मूर्धन्य अक्षरे रोमनमध्ये दुहेरी लिहायची, अशी त्या लोकांची पद्धत होती. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्हा यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘पुराण’ या शब्दात ‘एन’ दोनदा आहे. १९३३ पासून निघत असलेल्या ‘वावराड्यांचो इश्ट’ या कोंकणी साप्ताहिकाच्या नावातही श साठी ‘एक्स’ आहे आणि ट साठी दोन ‘टी’ आहेत. परकीय लिपीत आपला उच्चार जपण्यासाठी केलेला हा खटाटोप आहे. आज कोणी जुना मजकूर संगणकावर उतरवू लागला की या खटाटोपाशी त्याची गाठ पडतेच.

या कथेचा आरंभ १५७९ सालचा. त्या वर्षी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात जन्मलेले थॉमस स्टीफन्स लिस्बनहून निघून गोव्यास पोहोचले. पुढे चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते तेथेच राहिले. साष्टीच्या खेड्यापाड्यांत त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याची नोंद केली, हे अनेकांना ठाऊक आहे. सर विल्यम जोन्स यांनी तोच विचार मांडून कीर्ती मिळवली ती त्यानंतर दोन शतकांनी. ते असो. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांचे दुसरे एक पत्र आहे.

हे पत्र १६०८ सालचे. ते येशूसंघाचे रोममधील प्रमुख फादर क्लॉडियो अक्वाविवा यांना उद्देशून आहे. या प्रांतात येथील भाषेत आणि येथीलच लिपीत काही पुस्तके छापलेली पाहावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे स्टीफन्स त्यात कळवतात. मलबारातील ख्रिस्ती समाजाला तसा लाभ मिळाला आहे, याची आठवणही ते देतात. ती आठवण खरीच होती. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ लिपीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक छापून झाले होते. आपल्या लिपीपुढची अडचण ते सांगतात ती अशी की, युरोपात चोवीस अक्षरांचे ठसे पुरतात, येथे मात्र सुमारे सहाशे लागतील, आणि इतके ठसे पाडणे अशक्य वाटते. दुसरी अडचण वरिष्ठांच्या आज्ञेची होती. ती आज्ञा व्हावी, एवढ्यासाठीच हे आर्जव.

सहाशे हा आकडा कोणाला फुगवलेला वाटेल, पण तो तसा नाही. ळ धरून आपली चौतीस व्यंजने घ्या आणि प्रत्येकाची बाराखडी मांडा. चारशे आठ आकृती तेथेच झाल्या. मग स्वर, मग जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकारांची वेगळी वळणे. पूर्वीच्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्या कोणत्याही जुळाऱ्याला हा हिशेब पाठ असे. इंग्रजी जुळारी दोन खणांवर भागवी. मराठी जुळाऱ्यापुढे खणांची भिंतच उभी असे आणि एकेका अक्षरासाठी त्याचा हात त्या भिंतीवरून फिरे. स्टीफन्स साहित्यिक होते, तसे व्यवहारी संपादकही होते. खिळ्यांची संख्या मोजून मगच त्यांनी पत्र लिहिले.

ते सहाशे ठसे गोव्यात पडलेच नाहीत. १६१६ साली राशोल येथे, म्हणजे आपल्या रायतूरला, ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन खिळ्यांनी. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आरंभी मराठी भाषेचे मनःपूर्वक गुणगान, आणि ते गुणगान ज्या लिपीत छापले ती लिपी मराठीची नव्हे! मराठीला नागरी खिळ्यांचे पुस्तक मिळण्यासाठी १८०५ साली श्रीरामपूरहून निघालेल्या विल्यम कॅरी यांच्या मराठी व्याकरणापर्यंत वाट पाहावी लागली. रायतूरनंतर जवळजवळ एकशे नव्वद वर्षे.

आता रोमन खिळ्यांतून मराठी कशी वदवली ते पाहू. त्या लेखनाला पोर्तुगीज वळण होते. क हा ‘सी’ने लिहायचा. पण पुढे इ किंवा ए आला की पोर्तुगीज माणूस ‘सी’चा उच्चार स करतो, म्हणून कि आणि के यांसाठी ‘क्यू’ आणि ‘यू’ अशी जोडी वापरायची. श आणि ष दोघांनाही ‘एक्स’. स साठी कित्येकदा पायाशी शेपटी असलेला ‘सी’. व साठी बहुधा ‘यू’, कारण त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन रूपे मानली जात. त्यामुळे ‘पृथ्वी’ या शब्दात ‘यू’ दोनदा लागोपाठ आलेला पाहून नवखा वाचक गोंधळतो. अ आणि आ यांना मात्र एकच ‘ए’. चार अक्षरांचा एकच रोमन शब्द मन, मान, माना यांपैकी काहीही असू शकतो. ‘एन’ दोनदा आला की तेथे ण आहे, की ‘अन्न’ या शब्दातल्यासारखे खरोखरीचे द्वित्त आहे, हे संदर्भावरून ठरवायचे. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते, तेच पुष्कळ ठिकाणी वाचकाचा हात धरते.

राहिला अनुस्वार. त्यासाठी स्वराच्या डोक्यावर एक नागमोडी रेघ देत. पोर्तुगीज भाषेत तिला ‘तिल’ म्हणतात. आपल्या तिळाएवढीच ती, पण मराठीत तिच्यावाचून सगळे अडते. जुन्या मराठीत ‘तें’ म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू आणि ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष. ‘देवाचा’ आणि ‘देवांचा’ यांतील फरक तर लहान मुलालाही कळतो. रोमनमध्ये हा सारा फरक त्या एका तिलावर अवलंबून असतो. एकच देव आहे हे सांगण्यासाठी रचलेल्या पुराणात नकलकाराच्या लेखणीतून ही रेघ गळली किंवा नको तेथे पडली, तर काय अनर्थ होईल ते वाचकांनीच ठरवावे. त्यात आणखी एक गुंता आहे. पोर्तुगीज लेखक व जुळारी हेच चिन्ह संक्षेपासाठीही वापरत. ओळीत जागा नसली की ‘एम’ किंवा ‘एन’ गाळून आधीच्या अक्षरावर रेघ देत. शिवाय शब्दाच्या शेवटी अनुनासिक उच्चारासाठी ते ‘एम’ही लिहीत. स्टीफन्स यांचेच ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक १६२२ साली रायतूरला छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज नावात ‘ख्रिस्ती’ या अर्थाचा शब्द ‘एम’ने संपतो; आजचा पोर्तुगीज लेखक तेथे तिल देतो. म्हणजे एकाच ध्वनीसाठी दोन खुणा आणि एकाच खुणेसाठी दोन कामे.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरल्या त्या हाताने उतरवलेल्या प्रती. १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले आणि त्याच शतकाच्या अखेरीस गोव्यातील मुद्रणही थांबले. तरी घराघरांत आणि चर्चमध्ये पुराण गायले जात होते, जीर्ण झालेली प्रत पाहून नवी उतरवली जात होती. उतरवणारा प्रत्येक जण आपल्या सवयीने एखादी रेघ ठेवी, एखादी सोडी. साल्दान्हा यांच्या १९०७ च्या आवृत्तीमागे अशाच हस्तलिखितांचा आधार होता. त्यांनी मजकूर रोमनच ठेवला. त्या काळी काही महाराष्ट्रीय विद्वानांना ते खटकले असेल. आमच्या मते मात्र त्यांनी मोठेच उपकार केले, कारण नागरीत आणताना कराव्या लागणाऱ्या निवडी त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी खुल्या ठेवल्या.

पुढे १९२३ साली डॉ. जस्टिन ॲबट यांनी लंडनहून एक वार्ता प्रसिद्ध केली. विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताने आपला ग्रंथसंग्रह १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला होता. तो पुढे तेथील प्राच्यविद्या संस्थेकडे आला. त्या संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत होती. ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, संतवाङ्मयाचे थोर अभ्यासक. हीच मूळ प्रत, असा त्यांचा निष्कर्ष. तो सर्वांनी मान्य केलेला नाही. रोमन प्रतींतील पोर्तुगीज शब्दांच्या जागी तेथे संस्कृत शब्द आहेत, त्यामुळे ते मागाहून केलेले संस्करण असावे असेही मत आहे. वाद मिटो न मिटो, जेथे रोमन ओळ दोन अर्थांनी वाचता येते तेथे ही नागरी प्रत शेजारी ठेवण्याचा लाभ मोठा आहे.

मराठी वाचकांच्या हाती नागरी पुराण आले ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमामुळे, आणि नंतर १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांच्या आवृत्तीमुळे. या दोघांनीही लिप्यंतर केले आहे. लिप्यंतर म्हणजे केवळ अक्षराला अक्षर ठेवणे, असा सर्वसामान्य समज आहे. प्रत्यक्षात दर ओळीला निर्णय द्यावा लागतो. येथे मन की मान? श की ष? द्वित्त की मूर्धन्य? अकरा हजार ओव्या, प्रत्येकीचे चार चरण. नागरी आवृत्तीत एकदा निर्णय छापला गेला की मूळ शंका वाचकाला दिसत नाही. हा संपादकांचा दोष नव्हे, नागरी लिपीचाच तो स्वभाव आहे. ऱ्हस्व की दीर्घ हे न सांगता तिच्यात लिहिताच येत नाही.

उलट दिशेचा प्रवासही त्याच काळात झाला होता, हे सांगितले पाहिजे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांची तीन हस्तलिखिते आहेत. गोव्यातील येशूसंघीयांनी हिंदूंच्या रामायण-महाभारताच्या गद्य कथा आणि मराठी पद्य रोमन लिपीत उतरवून घेतलेले त्यांत सापडते. लोकांची भाषा शिकण्यासाठी केलेला तो अभ्यास. जी मूळ नागरी बाडे पाहून किंवा कोणाच्या तोंडून ऐकून हे लिहिले गेले, ती गेली. उतरवून घेतलेले तेवढे राहिले, तेही परक्या भूमीवर आणि परक्या लिपीत. त्या वेळच्या लेखनिकाने तिल द्यायचा कंटाळा केला असता तर आपल्या हाती काय आले असते?

हा सगळा विचार आमच्या मनात आला तो एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या आजीची एक वही सावंतवाडीच्या घरी होती. त्या काळच्या पुष्कळ ख्रिस्ती स्त्रियांप्रमाणे तिला रोमन लिपीच येत होती. गायने, नोव्हेना, लदिनीच्या वेळच्या प्रार्थना असे सारे तिने त्या लिपीत, अर्धे कोंकणी अर्धे मराठी, लिहून ठेवले होते. अक्षर मोत्यासारखे, आणि डोक्यावरचे तिल इतके ठसठशीत की कागदाला उठाव आलेला. तिच्या पुण्यतिथीला ही वही छापून नातेवाइकांना वाटावी असे ठरले. भाच्याने नेरूळच्या घरी बसून ती संगणकावर उतरवली. ‘ए’ आणि ‘ओ’ यांवरचे तिल त्याला मिळाले, इतर स्वरांवरचे मिळेनात. कोणीतरी दिलेला जुना टंक वापरून त्याने तेही बसवले. फाइल छापखान्यात गेली. तेथे तो टंक नव्हता. छापून आलेल्या पुस्तिकेत कोठे चौकोन, कोठे प्रश्नचिन्ह. छापखान्यातल्या कोणी सद्‌हेतूने बरेचसे चौकोन काढूनही टाकले होते. आजीने ‘देवांचा देव’ लिहिले होते, पुस्तिकेत ‘देवाचा देव’ झाला होता! थोरली मावशी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आईन असां कधी म्हटला नाय हां.” ती पुस्तिका आम्ही वाटली नाही.

यात भाच्याची चूक काय, याचा शोध घेतला तेव्हा मौज कळली. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी १९८७ साली एक सांकेतिक तक्ता निश्चित झाला. त्यात दोनशे छप्पन्न घरे. तिल असलेला ‘ए’ त्यात आहे, ‘ओ’ आहे, स्पॅनिश भाषेसाठी ‘एन’ आहे. तिल असलेले ‘ई’, ‘आय’ आणि ‘यू’ नाहीत, कारण आधुनिक पोर्तुगीजला ते लागत नाहीत. मराठी-कोंकणीला लागतात, पण तक्ता करणाऱ्यांसमोर आमच्या आजीची वही कोठून असणार? म्हणूनच ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकांवर ०२२७ उमटवले की तिलासह ‘ए’ येतो, ०२४५ ने ‘ओ’ येतो, ०२३१ ने शेपटीचा ‘सी’ येतो. ‘देवें’, ‘तें’, ‘मीं’ यांसाठी मात्र त्या तक्त्यात क्रमांकच नाही. विंडोजमधील आंतरराष्ट्रीय कळफलकावर आधी तिलाची कळ आणि मग ‘यू’ दाबला, तर तिल डोक्यावर न बसता शेजारी उभा राहतो.

१९९१ साली युनिकोड आले आणि सावकाश हे चित्र पालटले. त्यात ही तिन्ही अक्षरे तयार मिळतात. शिवाय ०३०३ या क्रमांकाचे एक सुटे तिल आहे, ते कोणत्याही अक्षरामागून दिले की त्याच्या डोक्यावर चढते. येथे सावध राहावे लागते. तयार अक्षर आणि जोडून केलेले अक्षर डोळ्यांना सारखेच दिसते, पण संगणकाला ती दोन वाटतात. एकाच मजकुरात दोन्ही मिसळली तर शब्द शोधताना निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. सतराव्या शतकातील छपाईत ‘एस’ लांब काढत, तो थेट ‘एफ’सारखा दिसतो. त्यालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. हस्तलिखिते वाचण्यासाठी इन्सब्रुक येथे विकसित झालेल्या ट्रान्सक्रायबसमध्ये तर अशा दुर्मीळ अक्षरांचा वेगळा कळफलकच पडद्यावर मांडता येतो. जी अक्षरे आपल्या मजकुरात वारंवार येतात ती एकदा तेथे रचून ठेवली की दर वेळी क्रमांक आठवावे लागत नाहीत.

आणि आपली नागरी? युनिकोडने तिला एकशे अठ्ठावीस घरे दिली. स्टीफन्स यांचे सहाशे ठसे आता त्या घरांतील चिन्हे नियमाने जोडून घडतात, खिळे मोजावे लागत नाहीत. मराठीची काही येणी तेथेही उशिरा वसूल झाली. अ वर चंद्र असलेला ॲ हा २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. तोवर ‘ॲबट’ लिहायचे तर अ ला वरून चंद्र चिकटवावा लागे. आचाऱ्यांना जेवण वाढणे आणि आचार्यांना जेवण वाढणे यांत जो फरक आहे, तो दाखवणारा ऱ कोणत्या कळेवर आहे हे कित्येक टंकलेखकांना आजही सांगावे लागते.

आजीची वही आम्ही पुन्हा उतरवायला घेतली आहे. या खेपेला क्रम बदलला. प्रथम रोमन मजकूर जसाच्या तसा, दुहेरी अक्षरांसह आणि प्रत्येक तिलासह. जेथे रेघ अनुस्वाराची की संक्षेपाची हे कळत नाही, तेथे ती तशीच ठेवून समासात खूण करायची. ते काम पूर्ण होऊन मावशीने वाचून पाहिल्याशिवाय नागरीला हात घालायचा नाही. मारियान साल्दान्य यांनी १९४५ साली लिस्बनहून स्टीफन्स यांचे १६२२ चे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले. त्यात जुन्या पानांची हुबेहूब प्रतिकृती दिली आणि वाचनही दिले. तोच कित्ता आम्ही गिरवतो आहोत, आमच्या मगदुराप्रमाणे पानांची छायाचित्रे काढून. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वह्या असतील, धर्मग्रामांच्या कपाटांत तर नोंदवह्याच आहेत. त्यांतील आडनावे आणि गावे रोमनमध्ये दुहेरी अक्षरांनी लिहिलेली आढळतील. उतरवताना दोन ‘एन’ पाहून एक खोडू नये. तो पुष्कळदा ण असतो.

भाचा आता चाळीस पानांपर्यंत आला आहे. रविवारी मिस्सा आटोपून मावशी येते, चष्मा पुसते आणि पडद्याजवळ खुर्ची ओढून बसते. परवा एका ओळीवर दोघांचे अडले. रेघ आहे, पण ती तिल आहे की शाईचा ओघळ हे ठरेना. मावशीने ते गायन मोठ्याने म्हणून पाहिले, दोनदा म्हटले, आणि सांगितले, “तिल आसा. घाल.”